माईकवरची पिवळी पट्टी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे... म्हणजे' गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

२०११चा डिसेंबर. मी एकोणीस वर्षांचा, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या चर्चमध्ये मिक्सरवर बसायचं काम माझ्याकडे होतं. पात्रता एवढीच की 'डिप्लोमा करतोय ना, मग येतच असेल'. त्या वर्षी न्यू जर्सीचा मामा सुट्टीला आला आणि चर्चसाठी दोन कॉर्डलेस माईकचे सेट घेऊन आला. एक हातात धरायचा, एक कॉलरला लावायचा. तो तिथे ज्या चर्चला जातो, त्यांनी ते बाजूला काढले होते, याने मागून घेतले. चालू होते, आवाज एकदम स्वच्छ. आम्ही काय, खूश!

फक्त दिसायला कळकट. हातातल्या माईकच्या बुडाशी पिवळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. कॉलर माईकच्या, खिशात ठेवायच्या डबीवर हिरवी टेप. सोबतचे दोन रिसीव्हर, म्हणजे दोन सारख्याच काळ्या पेट्या, त्यातल्या एकीवर पिवळा तुकडा आणि दुसरीवर हिरवा. टेपच्या कडांना वर्षानुवर्षांचा मळ बसलेला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी मांडी घालून बसलो, सगळ्या टेपा सोलून काढल्या आणि उरलेला चिकट डिंक रॉकेलच्या बोळ्याने पुसला. आई म्हणाली, "नवेच वाटतायत रे." मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पेट्या मिक्सरला जोडल्या. हँड माईक सातवर, कॉलर आठवर. असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात उलट जोडल्या होत्या. उपदेश सुरू झाला, मी आठ नंबर वर केला, आवाज नाही. घाबरून सातही वर केला, आवाज आला. चला, सुटलो. असं का झालं याचा विचार करायला वेळ कुठला? उपदेश संपला, शेवटचं गीत झालं. मी शहाण्यासारखा आठ बंद केला आणि सूचना वाचणाऱ्यांसाठी सात चालू ठेवला.

पाळकसाहेब मागच्या खोलीत गेले. त्यांच्यामागे एक मावशी गेल्या. सूचना वाचणारे काका चष्मा शोधत होते, हॉल शांत होता. त्या शांततेत स्पीकरमधून मावशींचा आवाज यायला लागला. मुलाबद्दल बोलत होत्या, कर्जाबद्दल, घरात काय चाललंय त्याबद्दल. मी आठ नंबरचा फेडर खाली ओढत होतो, तो आधीच तळाला होता. शेवटी मास्टरच खाली ओढला. सगळं मिळून वीसेक सेकंद गेली असतील. तीनशे माणसांनी ऐकलं. मावशी बाहेर आल्या तेव्हा सगळे त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते, आणि तेवढ्यावरून त्यांना कळलं.

त्यानंतर कित्येक महिने त्या चर्चला आल्या नाहीत.

त्या सोललेल्या टेपा तिथे का होत्या, हे मी त्यानंतर शोधायला लागलो. ते शोधताना जे सापडलं ते आजच्या भागात सांगतोय.

आधी थोडं मागे जाऊ, माईक नव्हता तिथपर्यंत. १७३९ साली जॉर्ज व्हाइटफील्ड नावाचा इंग्लिश उपदेशक अमेरिकेत फिलाडेल्फियाला उघड्यावर प्रवचन करत होता. गर्दीत बेंजामिन फ्रँकलिन उभा होता. तोच, विजेचा, पतंगवाला. फ्रँकलिनला धर्मापेक्षा मोजमापात जास्त रस. तो हळूहळू मागे मागे नदीच्या दिशेने सरकत गेला, आवाज कुठपर्यंत ऐकू येतो ते बघत. जिथे रस्त्याच्या गोंगाटात शब्द विरले तिथे थांबला, तेवढ्या अंतराचं अर्धवर्तुळ मनात काढलं, माणशी दोन चौरस फूट जागा धरली आणि हिशोब केला: तीस हजारांहून जास्त लोकांना ऐकू जाईल. आपल्याकडे कीर्तनकाराच्या खड्या आवाजाच्या गोष्टी सांगतात तसंच हे, फक्त इथे कुणीतरी पावलं मोजली. पुढे १८५७ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चार्ल्स स्पर्जन बोलला तेव्हा २३,६५४ माणसं मोजली गेली होती. नुसता गळा, बाकी काही नाही. फार तर चर्चच्या व्यासपीठावर डोक्यावर एक लाकडी छत असायचं, आवाज छपराकडे न जाता लोकांकडे वळावा म्हणून. जुन्या चर्चमध्ये अजूनही दिसतं ते, लोकांना वाटतं नक्षीसाठी आहे.

मग १९१५. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर २४ डिसेंबरला लाउडस्पीकर लावला आणि जवळपास लाखभर लोकांनी नाताळची गाणी ऐकली. त्यांनी त्या यंत्राला नाव दिलं मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये 'मोठा आवाज'. सार्वजनिक लाउडस्पीकरच्या इतिहासातलं हे पहिलं मोठं पान, आणि तेही नाताळच्या आदल्या संध्याकाळचं. माझ्यासारखंच. जाऊ दे.

इथून पुढे काही दशकं माईकला वायर होती. आणि इथे जरा थांबा, कारण मुद्दा या वायरमध्येच आहे.

वायर म्हणजे आवाज जायचा रस्ता, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वायर हा पत्तासुद्धा होता. मिक्सरच्या तिसऱ्या भोकातून निघालेली लीड हातात धरून चालत गेलात, की तुम्ही बरोबर एका माईकपाशी पोचता. अंधारात, डोळे मिटून, स्टेजवर पंधरा वायरींचं जाळं असलं तरी. जुने साउंडवाले लीडला हलका झटका देऊन बघायचे, कुठला स्टँड हलतो ते. मग लीडच्या दोन्ही टोकांना पांढरी टेप लावून त्यावर एकच आकडा लिहायची पद्धत आली. ती फक्त चालायचे कष्ट वाचवायला. टेप निघाली तरी वायर खोटं बोलत नव्हती.

वायर गेली आणि पत्ता गेला. पण हे लगेच कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्याला कारण आहे.

बिनवायरचा माईक कुणी शोधला यावर भांडणं आहेत, त्यात मी फार शिरत नाही. १९४९ मध्ये इंग्लंडात ब्राइटनला रेज मूर्स या माणसाने बर्फावरच्या 'अलादिन'च्या खेळात असा माईक वापरला. रेडिओ लहरी परवानगीशिवाय वापरल्यामुळे पेटंट घ्यायच्या भानगडीत पडला नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत शुअर कंपनीने 'व्हॅगाबॉन्ड' विकायला काढला. आत छोट्या व्हॅक्यूम ट्यूब, आणि आवाज पकडायला जमिनीवर तांब्याच्या तारेचं मोठं कडं अंथरायचं. म्हणजे वायर काढली आणि खाली अंथरली! त्या कड्याच्या आसपासच फिरायचं. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कॉलेजात रेमंड लिटके या इंजिनियरने हातात मावेल असा माईक बनवला. १९६०च्या निवडणुकीआधीच्या पक्ष अधिवेशनांत टीव्हीचे वार्ताहर तो घेऊन गर्दीत फिरले. आणि 'माय फेअर लेडी' सिनेमात, १९६४ साली, रेक्स हॅरिसन आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला तयार नव्हता, म्हणून त्याच्या टायमध्ये वायरलेस माईक लपवला. गाणी सेटवरच रेकॉर्ड झाली. त्या सिनेमाला आवाजाचं ऑस्कर मिळालं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, बघा. माईक एकच, फार तर दोन. एकच पोरगं असलेल्या घरात नाव घेऊन हाक मारायची गरज पडत नाही.

गर्दी झाली ती पुढे. १९७६ मध्ये जॉन नेडीच्या कंपनीने एक युक्ती आणली: माईककडून पाठवताना आवाज दाबायचा, रिसीव्हरला पोचल्यावर परत पसरायचा, म्हणजे मधली खरखर दबून जाते. वायरलेसचा आवाज वायरच्या जवळ आला. मग दोन अँटेनांचे रिसीव्हर आले. एका अँटेनाला सिग्नल नीट मिळाला नाही की पेटी आपोआप दुसरीकडे वळते. किंमती उतरल्या. संगीत नाटकांत अख्ख्या संचाच्या अंगावर माईक चढले.

नेमक्या याच काळात अमेरिकेतली चर्च बदलत होती. १९७५ मध्ये शिकागोजवळ पॅलटाइन गावात, भाड्याने घेतलेल्या एका सिनेमा थिएटरमध्ये विलो क्रीक नावाचं चर्च सुरू झालं. तिथे उपासनेत बँड वाजायचा आणि छोटी नाटुकली व्हायची. पाळक व्यासपीठामागे उभा न राहता स्टेजभर फिरायचा. असं करणारं ते एकटं नव्हतं, पण हजारो चर्चनी त्याचं पाहून आपली उपासना बदलली. आता माईक किती लागणार? पाळकाला एक, चारपाच गायकांना, नाटुकल्यात दोघातिघांना, शास्त्रवाचनाला एक, सूचनांना एक. दहा-बारा सहज. सगळे काळे, एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातून आलेले.

आणि मिक्सरवर कोण? नाटकाच्या थिएटरात पगारी माणूस असतो, रोज तोच खेळ, आठवड्यातून आठ वेळा. त्याला झोपेतही पाठ असतं. चर्चमध्ये बसतो कुणीतरी हौशी. या रविवारी बँकेतला कारकून, पुढच्या रविवारी कॉलेजची मुलगी, त्याच्या पुढच्या रविवारी जो सापडेल तो. रंगीत टेपचा उगम मला इथे दिसतो. कुण्या एका माणसाने ती शोधली असं काही नाही, पण तिची गरज सगळ्यात जास्त कुठे होती, तर दर आठवड्याला माणूस बदलणाऱ्या या मिक्सरवर.

तुम्ही म्हणाल, मिक्सरवर हेडफोन लावून ऐकायचं ना आधी? लावतात. पण गप्प असलेला माईक हेडफोनमध्ये गप्पच असतो, आणि दोन गप्प माईक हुबेहूब सारखे ऐकू येतात! 'हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री' हा ओळख पटवायचा एकमेव खात्रीचा उपाय, आणि तो प्रार्थनेच्या मधे करता येत नाही.

बरं, माईक एकमेकांत बदलून चालत नाहीत का? नाही. प्रत्येक माईकची एक फ्रिक्वेन्सी, तिला लावलेला एक रिसीव्हर. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन माईक आले तर जोरदार असेल तो दुसऱ्याला गिळतो. शिवाय नुसत्या वेगळ्या फ्रिक्वेन्सी पुरत नाहीत. एक माईक ६०० मेगाहर्ट्झवर, दुसरा ६०१ वर असेल, तर त्या दोघांच्या मिसळण्यातून तिसरीच एक लहर तयार होते: ६०१ची दुप्पट वजा ६००, म्हणजे ६०२. तुम्ही तिसरा माईक नेमका ६०२ वर ठेवला असेल तर त्याच्यात भूत शिरलंच म्हणून समजा. त्यामुळे फ्रिक्वेन्सी वेड्यावाकड्या अंतरांवर, हिशोबाने ठरवतात, आणि एकदा ठरल्या की कुणी हात लावत नाही. दिसायला सगळे जुळे, पण आत प्रत्येकाचं घर वेगळं.

तर मग टेप. माईकच्या बुडाला पिवळी, त्याच्या रिसीव्हरला पिवळी, मिक्सरवर त्या चॅनेलच्या फेडरखाली पिवळी. तीन ठिकाणी एकच रंग. म्हणजे काढून टाकलेली वायर परत जोडली, फक्त ती डोळ्यांनी बघायची. आकडा का नाही? कारण वीस मीटरवरून माईकवरचा आकडा वाचता येत नाही, रंग दिसतो. गायिकेने हात उचलला, पिवळं दिसलं, पिवळा फेडर वर. वाचायची गरज नाही, आणि विचार करायचीही नाही. पुढे कंपन्यांनीच रंगीत रबरी कडी आणि टोप्या विकायला काढल्या. स्पंजच्या रंगीत टोप्याही मिळतात. टेप मात्र अजून सगळ्यात जास्त चालते. दहा-वीस रुपयांत मिळते ना!

आता माझ्या आवडीचा भाग. कुठला रंग कुणाला?

रंगांना आकडे द्यायची कल्पना चर्चहून आणि वायरलेस माईकहून जुनी आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत रेडिओ घराघरांत शिरला. आत रेझिस्टर असतो, शेंगदाण्याएवढा. त्यावर बारीक आकडे छापायचे कसे, आणि छापले तरी पुसतात. रेडिओ बनवणाऱ्यांच्या संघटनेने रंग ठरवून टाकले. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. सुरुवातीला पट्टेही नव्हते. अख्ख्या अंगाचा रंग म्हणजे पहिला आकडा, टोकाचा रंग म्हणजे दुसरा आणि मधला ठिपका म्हणजे पुढची शून्यं. १९५२ मध्ये हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. आपल्याकडे आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या कुणालाही विचारा, तो 'बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाइफ' धडाधड म्हणून दाखवेल. त्यातल्या अक्षरांत रंगांचा क्रम लपलेला असतो. परीक्षेला हमखास मार्क.

साउंडच्या धंद्यातले बरेच लोक इलेक्ट्रॉनिक्समधूनच आलेले. त्यांनी वायरींना आणि चॅनेलना हेच रंग लावले. पहिला चॅनेल तपकिरी, दुसरा लाल, असं. म्हणजे रंग दिसला की आकडाही कळतो.

हे वाचलं तेव्हा मी उठलो आणि मामाने दिलेल्या सेटच्या रिकाम्या पिशव्या माळ्यावरून काढल्या. पिशवीच्या आतल्या बाजूला मार्करने, अगदी पुसट, लिहिलेलं होतं. पिवळ्या माईकच्या पिशवीत ४. हिरव्याच्या पिशवीत ५.

म्हणजे न्यू जर्सीत कुणीतरी बी बी रॉय पाठ असलेला माणूस बसला होता. त्याने मला चार आणि पाच असं लिहून पाठवलं होतं, मला येत असलेल्या एकमेव भाषेत. आणि मी ते रॉकेलने पुसलं होतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला!

बरं, पण त्या चर्चने चांगले चालू माईक टाकले का, हा प्रश्न राहतोच. मामाला विचारलं तर म्हणाला, "सरकारने बंद केले म्हणे." मला वाटलं थाप मारतोय. थाप नव्हती.

वायरलेस माईक कित्येक वर्षं टीव्ही चॅनेलच्या मधल्या रिकाम्या जागांत चालायचे. शहरात एखाद्या चॅनेलवर टीव्ही स्टेशन नसेल तर ती जागा मोकळी, तिथे माईक. घरमालक गावाला गेलाय तोवर अंगणात क्रिकेट खेळावं तसं. मग अमेरिकेत टीव्ही डिजिटल झाला. १२ जून २००९ला जुनं प्रक्षेपण बंद झालं, आणि ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपन्यांना आणि पोलीस-अग्निशमन सेवांना दिला. बरोबर एक वर्षानंतर, १२ जून २०१०पासून, त्या पट्ट्यात वायरलेस माईक वापरायला बंदी. थिएटर, शाळा, चर्च, सगळ्यांना. ज्यांनी पैसे साठवून दहा-दहा माईक घेतले होते त्यांनी ते कपाटात टाकले. किंवा कुणाच्या मामाला दिले.

नव्याने माईक घेताना बऱ्याच जणांनी जरा खालच्या पट्ट्यातले, ६०० मेगाहर्ट्झचे घेतले. आणि मग तोही गेला! २०१७ मध्ये त्याचा लिलाव संपला, तब्बल १,९८० कोटी डॉलरचा. त्यातले सुमारे ८०० कोटी एकट्या टी-मोबाइलने मोजले. माईकवाल्यांना १३ जुलै २०२०पर्यंत मुदत मिळाली. दहा वर्षांत दुसऱ्यांदा सगळा संच बदलायचा. मोठ्या चर्चना एक सवलत होती: २०१४च्या नियमाप्रमाणे जे नेहमी पन्नास किंवा जास्त वायरलेस उपकरणं वापरतात त्यांना परवाना घेता येतो, आणि परवाना असला की थोडं संरक्षण मिळतं. पन्नास! गावातल्या छोट्या चर्चकडे चार माईक. त्यांनी मुकाट्याने नवे घेतले. मला हा हिशोब काही पटत नाही. ज्याच्याकडे पन्नास माईक घ्यायची ऐपत आहे त्यालाच छत्री का द्यायची?

हा भाग तुम्ही फोनवर ऐकताय ना? मग या व्यवहारात तुमचाही थोडा वाटा आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२२मध्ये संपलेल्या ५जी लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा जिओने देशभरासाठी घेतला. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतीतून चांगल्या शिरतात, लांब जातात, म्हणून मोबाइल कंपन्यांना हा पट्टा हवासा वाटतो. त्याच कारणासाठी माईकवाल्यांनाही तो आवडायचा. मामाचे माईक नेमके त्याच पट्ट्यातले. ते आता माझ्या घरी ड्रॉवरमध्ये आहेत, सेल काढून ठेवलेत. चालू करायचा प्रश्नच नाही.

प्रत्येक वेळी माईक बदलले की फ्रिक्वेन्सी नव्या, रिसीव्हर नवे, मेनूतली नावं नवी. टेप मात्र तीच. पिवळा गेला, त्या जागी नवा पिवळा आला. मिक्सरवर बसणाऱ्या हौशी माणसाला ६०० काय आणि ५०० काय, माहीत असायची गरजच पडली नाही. आता तर रंग स्क्रीनवर आलाय. २०१२मध्ये बेहरिंगरचा एक्स ३२ हा डिजिटल मिक्सर आला. त्यात प्रत्येक फेडरवर एक छोटा डिस्प्ले, मागचा प्रकाश हवा त्या रंगाचा. त्याआधी असले डिस्प्ले महागड्या मिक्सरवर असायचे, आता मध्यम चर्चना परवडायला लागले.

पण रंगावर आंधळा विश्वास ठेवू नका, हेही सांगतो. त्या नाताळनंतर आम्ही सगळे माईक नीट रंगवले. हिरवा, तपकिरी, लाल, निळा. मी मोठ्या अभिमानाने सगळ्यांना समजावून सांगितलं. आमच्यातला एक मित्र शांतपणे म्हणाला, "हे दोन मला सारखेच दिसतात." हिरवा आणि तपकिरी. चार वर्षं सोबत होतो, मला माहीतच नव्हतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्यात फरक करणं जड जातं. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या धडकून नऊ माणसं मेली, तेव्हा होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकाने हा दोष रंगांधळेपणाचा असावा असं मांडलं आणि रेल्वेच्या लोकांची लोकरीच्या रंगीत गुंड्यांनी तपासणी सुरू करवली. त्या अपघाताचं कारण खरंच तेच होतं का, यावर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तपासणी मात्र राहिली.

आणि डोळे उत्तम असले तरी स्टेजचे लाइट दगा देतात. भडक लाल प्रकाशात लाल टेप आणि पांढरी टेप एकसारखी दिसते, निळी तर काळीच होते. म्हणून आता आमच्याकडे रंगासोबत मोठा आकडाही असतो. कॉलर माईकचं वेगळंच दुखणं: पाळकांना तो कुणाला दिसू नये असं वाटतं, मिक्सरवाल्याला तो दिसायलाच हवा. त्यावर आम्ही तडजोड केली. कॉलरचा रंग कायम पांढरा, तो माईक कायम पाळकसाहेबांचाच, आणि व्यासपीठावरून उतरताना डबीवरचं म्यूटचं बटण त्यांनी स्वतः दाबायचं. पहिल्या महिन्यात ते दर वेळी विसरले. मी मिक्सरवरून माझ्याच कॉलरकडे बोट दाखवायचो.

मावशींची माफी मी घरी जाऊन मागितली होती, नवीन वर्ष लागल्यावर. त्यांनी चहा दिला, जास्त काही बोलल्या नाहीत. ईस्टरला त्या परत आल्या. मागच्या रांगेत बसल्या, माझ्या टेबलाजवळच. उपासना संपल्यावर उठल्या, पाळकसाहेबांच्या खोलीकडे निघाल्या, आणि माझ्यापाशी थांबून हळू आवाजात विचारलं, "आता बंद आहे ना रे?"

मी पांढरी पट्टी दाखवली, फेडर खाली असलेला दाखवला. त्यांनी दोन्हीकडे बघितलं, मग रिसीव्हरच्या पेटीकडेही बघितलं, आणि आत गेल्या.

तुमच्या शाळेत, मंडळात, चर्चमध्ये, नाटकाच्या ग्रुपमध्ये माईकवर कुठले रंग आहेत आणि ते कुणी ठरवले, फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात भेटू.